कंटेनरमधल्या ॲपला कॉन्फिगरेशन कसं पुरवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरात कंटेनर चालवणाऱ्या दोन प्रकारच्या टीम समोर ठेवून हे पान लिहिलं आहे. लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव मोबाइलवर दाखवण्यासारख्या सेवा क्लाउडवर चालवणारी एक, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यात मशीनजवळच्या छोट्या सर्व्हरवर के-थ्री-एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) चालवणारी दुसरी. कुबरनेटीस म्हणजे अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली. आज्ञा, फील्ड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगने टाकावीत.

सेटिंग इमेजमध्येच टाकली तर काय बिघडतं?

टेस्ट सर्व्हरवर तपासलेली इमेज (ॲप आणि त्याला लागणाऱ्या फाइल्सचा तयार गठ्ठा) आणि प्रॉडक्शनवर जाणारी इमेज एकच राहत नाही. डेटाबेसचा पत्ता बदलला की नवं बिल्ड करावं लागतं, आणि नव्या बिल्डमध्ये एखादी लायब्ररी गुपचूप पुढच्या आवृत्तीला गेलेली असू शकते. डॉकरफाइलमधल्या (इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल) ‘एन्व्ह’ (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ओळीत फक्त सगळीकडे चालतील असे डिफॉल्ट ठेवावेत, उदाहरणार्थ पोर्ट ८०८०. पॉडमध्ये (कुबरनेटीसमध्ये कंटेनर चालवण्याचं सर्वांत छोटं एकक) त्याच नावाचं व्हेरिएबल दिलं तर पॉडचं मूल्य वरचढ ठरतं. पासवर्ड तर इमेजमध्ये कधीच नको: ‘आर्ग’ने दिलेली मूल्यंही ‘डॉकर हिस्टरी’त दिसू शकतात. बिल्डच्या वेळी टोकन लागतच असेल तर बिल्डकिटचा सिक्रेट माउंट वापरा; तो त्या एका पायरीपुरता असतो, लेयरमध्ये उरत नाही.

एन्व्ह व्हेरिएबल की फाइल?

छोटी, सुटी मूल्यं (पत्ता, पोर्ट, लॉग लेव्हल) एन्व्हमधून. रचना असलेली माहिती फाइलमधून: बाजार समित्यांची यादी, लिलावाच्या वेळा, सुट्ट्या, एनजिन्क्सचं कॉन्फिग. वीस समित्यांची जेसन एका एन्व्ह व्हेरिएबलमध्ये कोंबलेली दिसते तेव्हा तिथे फाइल हवी होती हे नक्की समजावं.

खरा फरक मात्र सोयीचा नाही, वेळेचा आहे. एन्व्ह प्रोसेस सुरू होताना एकदाच ठरतं, आणि नंतर ते बाहेरून बदलण्याची सोय लिनक्समध्ये नाही. फाइल पुन्हा वाचता येते, अर्थात ॲपने ती पुन्हा वाचली तर. कॉन्फिगरेशनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच प्रश्नात सापडतं: हे मूल्य नेमकं कोण वाचतं, आणि कधी?

कॉन्फिगमॅप बदलला, पण ॲपला जुनंच मूल्य दिसतं. का?

कॉन्फिगमॅप म्हणजे सेटिंग इमेजबाहेर ठेवण्याची कुबरनेटीसमधली वस्तू. त्यातलं मूल्य कोणत्या वाटेने आत गेलं ते आधी बघा.

एन्व्हमधून गेलं असेल तर चालू कंटेनरमध्ये ते कधीच बदलणार नाही. कंटेनर पुन्हा सुरू व्हायलाच हवा.

व्हॉल्यूम म्हणून माउंट केलं असेल तर फाइल आपोआप बदलते, पण लगेच नाही. कुबेलेटचा (प्रत्येक सर्व्हरवर पॉड सांभाळणारा प्रोग्रॅम) सिंकचा कालावधी डिफॉल्टने १ मिनिट असतो, त्यात कॅशचा उशीर मिळवायचा. ‘अप्लाय’ केल्यावर दहा सेकंदांत कंटेनरमध्ये शिरून ‘कॅट’ केलं आणि जुनं दिसलं, तर तो बिघाड नव्हे. दोन मिनिटं थांबून पुन्हा बघा.

‘सबपाथ’ने (व्हॉल्यूममधली एकच फाइल वेगळी जोडण्याची सोय) माउंट केलेली फाइल कधीच अपडेट होत नाही. हे वागणं ठरवून तसं ठेवलेलं आहे, पण यामलकडे (कॉन्फिग लिहायची मजकूर फाइल) बघून कळत नाही, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो.

उरला चौथा प्रकार: फाइल बदलली, ॲपने पुन्हा वाचली नाही. इथे एक बारकावा आहे. कुबेलेट फाइलवर थेट लिहीत नाही. तो वेळेचा ठसा असलेलं नवं फोल्डर बनवतो, त्यात सगळ्या फाइल्स टाकतो आणि ‘..डेटा’ नावाची सिमलिंक एका झटक्यात त्या फोल्डरकडे वळवतो. अर्धी जुनी, अर्धी नवी फाइल वाचली जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. पण ॲपचा वॉचर त्या एका फाइलवर ‘मॉडिफाय’ची वाट पाहत बसला असेल तर त्याला तो कधी दिसतच नाही. वॉचर फोल्डरवर लावा, किंवा दर ३० सेकंदांनी मजकुराचा हॅश ताडून पाहा. दुसरा उपाय दिसायला साधा आहे, पण फसत नाही.

एकाच सेवेचे दोन पॉड वेगवेगळं उत्तर कसं देतात?

समजा, भाव किती मिनिटांनी ताजे करायचे हे एन्व्हमधून येतं. तुम्ही कॉन्फिगमॅपमध्ये १५ चं ५ केलं आणि रीस्टार्ट केलं नाही. तीनही पॉड १५ वरच चालू राहतात. शुक्रवारी रात्री एक पॉड मेमरी संपून पडतो. कंटेनर पुन्हा उभा राहताना कुबेलेट कॉन्फिगमॅप नव्याने वाचतो, म्हणून तो ५ घेऊन उठतो. गर्दी वाढल्यावर ऑटोस्केलरने उभे केलेले पॉडही ५ घेऊनच येतात. म्हणजे मंगळवारी केलेला बदल शुक्रवारी, तोही एक-तृतीयांश सेवेत लागू होतो. तेव्हा शोध सुरू होतो तो शुक्रवारी काय बदललं याचा.

म्हणून नियम असा: एन्व्हमधल्या मूल्याचा बदल आणि ‘कुबेक्टल रोलआउट रीस्टार्ट’ एकाच कामाचे दोन भाग समजा. एक करून दुसरा उद्यावर टाकू नका.

मग बदल करायची भरवशाची पद्धत कोणती?

चालू कॉन्फिगमॅप जागच्या जागी बदलू नका. नवा बनवा, वेगळ्या नावाने.

कस्टमाइझमधला (यामल फाइल्स जुळवणारं साधन) ‘कॉन्फिगमॅप जनरेटर’ हेच करतो. मजकुराचा हॅश नावाच्या शेवटी जोडतो आणि डिप्लॉयमेंटमधला (ॲपचे पॉड कसे चालवायचे ते सांगणारी व्याख्या) संदर्भही बदलतो. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे पॉडचा साचा बदलतो आणि रोलआउट आपसूक सुरू होतं. नवं मूल्य चुकीचं असेल आणि रेडीनेस प्रोब (पॉड कामाला तयार आहे का ते तपासणारी चाचणी) नीट लिहिलेला असेल, तर पहिलाच नवा पॉड अडतो आणि जुने पॉड काम करत राहतात.

हेल्म (कुबरनेटीससाठी पॅकेज बनवणारं साधन) वापरत असाल तर पॉडच्या साच्यातल्या ॲनोटेशनमध्ये कॉन्फिग टेम्प्लेटचा शा-२५६ चेकसम टाकायची रीत आहे. रीस्टार्टची अडचण त्याने सुटते. मागे फिरण्याची मात्र अर्धीच सुटते, कारण ‘रोलआउट अनडू’ पॉडचा साचा मागे नेतो, कॉन्फिगमॅपला हात लावत नाही. नाव तेच असेल तर जुनी इमेज नव्या कॉन्फिगसकट उभी राहते आणि मागे जाऊनही बिघाड कायम राहतो. अशा वेळी ‘हेल्म रोलबॅक’ वापरा. तो दोन्ही मागे नेतो.

हॅशच्या नावात ही अडचण नाही, पण जुने कॉन्फिगमॅप जागेवर असायला हवेत. गिटऑप्सच्या साधनात (गिटमधलं क्लस्टरवर आपोआप लावणारं) प्रून (गिटमधून गेलेलं पुसणं) चालू असेल तर ते जुना कॉन्फिगमॅप लगेच उडवतं. डिप्लॉयमेंट डिफॉल्टने मागचे १० साचे सांभाळते. त्यातले निदान दोन-तीन ज्यांवर उभे होते ते कॉन्फिगमॅप ठेवा.

हॅशच्या जोडीला ‘इम्युटेबल: ट्रू’ लावता येतं. ही सोय १.२१ पासून स्थिर आहे. कुणी घाईत ‘कुबेक्टल एडिट’ केलं तर एपीआय सर्व्हर नकार देतो, आणि कुबेलेटला त्या कॉन्फिगमॅपवर लक्ष ठेवावं लागत नसल्याने मोठ्या क्लस्टरवरचा भारही कमी होतो. एकदा लावलं की काढता येत नाही. कॉन्फिगमॅप पुसून नवा करावा लागतो.

रीस्टार्ट न करता बदलायची गरज कधी खरी असते?

वाटतं त्यापेक्षा फार कमी वेळा. तीन पॉडचं रोलिंग रीस्टार्ट नीट बसवलेलं असेल तर वापरणाऱ्याला कळतही नाही. खरी गरज तेव्हा, जेव्हा भरगर्दीत रीस्टार्टच महाग पडतं. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रामकुंडाकडच्या गर्दीची माहिती देणारी सेवा चालवायची असेल, तर हजारो उघडी कनेक्शन तोडून रेट लिमिट बदलणं परवडणार नाही. अशी चार-पाच मूल्यं वेगळ्या छोट्या फाइलमध्ये काढा, व्हॉल्यूमने माउंट करा, सबपाथ टाळा आणि ॲपमध्ये पुन्हा वाचायची सोय करा. वाचल्यावर आधी तपासणी, मग वापर: नवी फाइल मोडकी निघाली तर जुनी मूल्यं तशीच ठेवून लॉगमध्ये ओरडायचं, पण पडायचं नाही.

फाइल माउंट केली आणि फोल्डरमधल्या बाकीच्या फाइल्स गायब झाल्या.

त्या गेलेल्या नाहीत, झाकल्या गेल्या आहेत. व्हॉल्यूम ज्या फोल्डरवर बसतं तिथलं इमेजमधलं सगळं दिसेनासं होतं. एनजिन्क्सच्या मुख्य फोल्डरवर कॉन्फिगमॅप चढवला की ‘माइम डॉट टाइप्स’ दिसत नाही आणि सर्व्हर उभाच राहत नाही. त्याऐवजी ‘कॉन्फ डॉट डी’वर चढवा, किंवा ॲपला कॉन्फिगसाठी स्वतंत्र रिकामं फोल्डर द्या. सबपाथनेही भागतं, त्याची किंमत वर सांगितली आहे.

‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ अशी एरर येते.

कॉन्फिगमॅप आणि सिक्रेटची (पासवर्डसारखी मूल्यं ठेवण्याची वस्तू) व्हॉल्यूम फक्त वाचण्यासाठी असतात. सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ‘सेड’ने फाइलमधली जागा भरणं किंवा ‘चोन’ करणं चालू असेल तर ती तिथेच अडते. इनिट कंटेनरने (मुख्य कंटेनरआधी चालणारा) फाइल ‘एम्प्टीडिर’मध्ये (पॉडपुरतं रिकामं, लिहिता येणारं फोल्डर) कॉपी करा आणि काय ते बदल तिथे करा. एनजिन्क्सच्या अधिकृत इमेजमध्ये १.१९ पासून ‘टेम्प्लेट्स’ फोल्डर आहे. त्यातल्या फाइल्समध्ये एन्व्हची मूल्यं भरून ती स्वतःच ‘कॉन्फ डॉट डी’त ठेवते.

एसटीडी कोड ०२५३ दिला, ॲपला १७१ मिळालं. हे कुठून आलं?

यामलमधून. शून्याने सुरू होणारा, अवतरणचिन्हं नसलेला आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो: दोन चौसष्ट, पाच अठ्ठे आणि तीन मिळून १७१. कॉन्फिगमॅपच्या ‘डेटा’त असं थेट लिहिलं तर एपीआय सर्व्हर निदान एरर देतो, कारण तिथे फक्त स्ट्रिंग चालते. ४२२००१ हा पिनकोड किंवा नुसतं ‘ट्रू’ लिहिलं तरी तीच एरर. हेल्मच्या व्हॅल्यूज फाइलमधून येताना मात्र आकडा आधीच बदललेला असतो आणि टेम्प्लेटमधलं ‘कोट’ त्या चुकीच्या आकड्यालाच अवतरणचिन्हं लावतं. दहा अंकी मोबाइल नंबर तर ‘ई+०९’ अशा शास्त्रीय रूपात बाहेर पडतो आणि एसएमएस गेटवे तो नाकारतो.

‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांचंही बूलियन होतं. उपाय एकच: ज्याच्याशी गणित करायचं नाही ते सगळं अवतरणचिन्हांत. फोन, पिनकोड, गट नंबर, आवृत्ती १.१०, सगळं.

पासवर्ड बरोबर आहे, तरी लॉगिन होत नाही.

बहुधा शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटलेलं आहे. ‘इको’ने बेस-६४ केलं असेल तर नवीन ओळीचं चिन्हही एन्कोड झालं, ‘इको -एन’ किंवा ‘प्रिंटएफ’ वापरा. लांब मूल्याचं बेस-६४ लिनक्सवर दर ७६ अक्षरांनी तुटतं, ते टाळायला ‘-डब्ल्यू ०’ द्या. सोपं म्हणजे सिक्रेटमध्ये ‘स्ट्रिंगडेटा’ फील्ड वापरून साधा मजकूर द्यायचा, एन्कोडिंग कुबरनेटीसवर सोडायचं.

फाइल विंडोजवर बनली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतो. कॉन्फिगमॅप यामलमध्ये काढून पाहिला आणि नीट ओळींऐवजी ‘\आर\एन’ने भरलेली एकच लांबलचक ओळ दिसली, तर हेच कारण. ओळीच्या शेवटी जास्तीची स्पेस असली तरी मजकूर असाच एका ओळीत दिसतो, फक्त ‘\आर’ नसतो.

आणि अवतरणचिन्हं. ‘डॉकर रन’ची एन्व्ह-फाइल आणि कुबेक्टलचं ‘--फ्रॉम-एन्व्ह-फाइल’ ती काढून टाकत नाहीत, मूल्याचाच भाग धरतात. डॉकर कंपोज (एका मशीनवर अनेक कंटेनर चालवणारं साधन) काढून टाकतं. त्यामुळे लॅपटॉपवर कंपोजने चाललेली फाइल क्लस्टरवर तशीच नेली की पासवर्ड दोन अक्षरांनी वाढतो.

कंपोजमध्ये डॉट एन्व्ह फाइल आहे, तरी कंटेनरमध्ये व्हेरिएबल नाही.

कंपोज फाइलशेजारची डॉट एन्व्ह फाइल त्या यामलमधल्या डॉलरच्या जागा भरण्यासाठी असते. कंटेनरमध्ये पोचवायला ‘एन्व्ह_फाइल’ किंवा ‘एन्व्हायर्नमेंट’ लिहावं लागतं. बदल केल्यावर ‘कंपोज रीस्टार्ट’ पुरत नाही, तो जुनाच कंटेनर पुन्हा सुरू करतो. ‘कंपोज अप -डी’ द्या. ‘कंपोज कॉन्फिग’ चालवलं की जागा भरलेलं अंतिम यामल दिसतं, ते आधी वाचा.

रेडिसच्या पोर्टमध्ये ‘टीसीपी’ने सुरू होणारा पत्ता कुठून आला?

तुमच्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधला वेगळा कप्पा) ‘रेडिस’ नावाची सर्व्हिस आहे. कुबरनेटीस प्रत्येक सर्व्हिससाठी पॉडमध्ये काही व्हेरिएबल्स आपणहून घालतं, त्यात ‘रेडिस_पोर्ट’ही असतं आणि त्याचं मूल्य प्रोटोकॉल-आयपी-पोर्ट असा पूर्ण पत्ता असतं. तुमच्या ॲपला तिथे नुसतं ६३७९ हवं असतं, म्हणून ते सुरू होतानाच कोसळतं. पॉडच्या स्पेकमध्ये ‘इनेबलसर्व्हिसलिंक्स: फॉल्स’ लावा. या जुन्या सोयीची आज जवळजवळ कुणाला गरज नाही, पत्ता डीएनएसने मिळतोच. आमच्या मते प्रत्येक साच्यात ती बंदच असावी.

मराठी मजकूर कॉन्फिगमॅपमध्ये चालतो का? किती मावतो?

यूटीएफ-८ असेल तर बिनदिक्कत चालतो. यूटीएफ-८ नसलेली फाइल ‘--फ्रॉम-फाइल’ने दिली तर ती ‘बायनरीडेटा’त जाते, जुन्या फॉन्टमधून आलेल्या किंवा यूटीएफ-१६ मध्ये जतन झालेल्या फाइल्स तिथे सापडतात.

मर्यादा १ एमआयबी, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी स्वतंत्र चिन्हं आहेत. ‘नाशिक’ लिहायला न, काना, श, पहिली वेलांटी, क अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट लागतात. सुमारे साडेतीन लाख चिन्हांवर जागा संपते. प्रत्यक्षात त्याआधीच अडतं: साधं ‘कुबेक्टल अप्लाय’ लावलेल्या पूर्ण मजकुराची प्रत ॲनोटेशनमध्ये ठेवतं आणि ॲनोटेशनची मर्यादा २,६२,१४४ बाइट आहे. ‘टू लाँग’ एरर आली तर ‘--सर्व्हर-साइड’ जोडा. पण कॉन्फिगमॅप एवढा फुगला असेल तर ते कॉन्फिगरेशन नाही, डेटा आहे. त्याची जागा डेटाबेसमध्ये किंवा ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये.

सिक्रेट खरंच गुप्त असतं का?

आपोआप नाही. बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे, कुणीही क्षणात उलटं करू शकतो. एटसीडीत (क्लस्टरचा स्वतःचा डेटाबेस) सिक्रेट डिफॉल्टने न-एन्क्रिप्ट केलेलंच पडून असतं. एपीआय सर्व्हरला एन्क्रिप्शनचं कॉन्फिग द्यावं लागतं, आणि ते दिल्यावर आधीची सगळी सिक्रेट एकदा पुन्हा लिहावी लागतात, नाहीतर जुनी उघडीच राहतात. के-थ्री-एसमध्ये सर्व्हर सुरू करताना ‘--सिक्रेट्स-एन्क्रिप्शन’ द्यायचं. कारखान्यातला सर्व्हर बहुधा उघड्या रॅकवर असतो आणि डिस्क काढून नेणं अवघड नसतं, म्हणून तिथे याची जास्त गरज.

एका नेमस्पेसमध्ये पॉड बनवायची परवानगी असलेला माणूस तिथलं कुठलंही सिक्रेट माउंट करून वाचू शकतो, सिक्रेट वाचायची परवानगी नसली तरी. म्हणून टीमनिहाय नेमस्पेस वेगळ्या ठेवा. सिक्रेट एन्व्हऐवजी फाइलने द्या: एन्व्ह चाइल्ड प्रोसेसकडे जातं, क्रॅश रिपोर्टमध्ये छापलं जातं. सिक्रेटचं व्हॉल्यूम नोडच्या मेमरीत राहतं.

गिटमध्ये ठेवायचंच असेल तर सॉप्स किंवा सील्ड सिक्रेट्सने एन्क्रिप्ट करून. साधा पासवर्ड चुकून कमिट झाला तर फाइल पुसून काही होत नाही, इतिहासात तो राहतोच. पासवर्ड बदला.

लिलावाच्या वेळा साडेपाच तासांनी चुकतात.

कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर आहे. ‘टीझेड’मध्ये ‘एशिया/कोलकाता’ दिलं तरी इमेजमध्ये टाइमझोनचा डेटा नसेल तर एररशिवाय यूटीसीच राहतो. अल्पाइनमध्ये ‘टीझेडडेटा’ पॅकेज टाकावं लागतं. क्रॉनजॉबला (ठरलेल्या वेळी चालणारं काम) कंटेनरचं ‘टीझेड’ लागू होत नाही, कारण वेळ कंट्रोलर ठरवतो. त्याच्या स्पेकमध्ये ‘टाइमझोन’ फील्ड आहे, १.२७ पासून स्थिर.

पॉड सुरूच होत नाही. कॉन्फिगचा दोष आहे हे कसं ओळखायचं?

‘क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर’ दिसलं तर एन्व्हसाठी मागितलेला कॉन्फिगमॅप, सिक्रेट किंवा त्यातली की सापडत नाही. ‘कंटेनरक्रिएटिंग’वर अडून ‘फेल्डमाउंट’ येत असेल तर व्हॉल्यूमसाठीचा सापडत नाही. नाव बरोबर असेल तर नेमस्पेस बघा: पॉडला दुसऱ्या नेमस्पेसमधला कॉन्फिगमॅप वापरता येत नाही, प्रत करावी लागते.

‘एन्व्हफ्रॉम’ जास्त फसवं आहे. कॉन्फिगमॅप आहे पण की चुकीच्या स्पेलिंगची आहे, तर कुबरनेटीसची तक्रार नाही. ॲपला ते व्हेरिएबल मिळत नाही आणि ते डिफॉल्टवर चालतं. म्हणून आवश्यक मूल्यं ॲपने सुरू होतानाच तपासावीत आणि कमी असेल त्याचं नाव छापून बंद पडावं. ‘ऑप्शनल: ट्रू’ फक्त खरोखर नसलं तरी चालेल अशाच ठिकाणी.

प्रत्येक मशीनजवळच्या नोडला वेगळं कॉन्फिग हवं आहे.

अंबडच्या एखाद्या शॉपवर सहा नोड, प्रत्येकाला जोडलेल्या पीएलसीचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) पत्ता वेगळा, आणि सगळीकडे एकच डेमनसेट (प्रत्येक नोडवर एक पॉड चालवणारी व्याख्या). त्यासाठी सहा डिप्लॉयमेंट करू नका. एकाच कॉन्फिगमॅपमध्ये नोडच्या नावाच्या सहा की ठेवा, पूर्ण व्हॉल्यूम माउंट करा, डाउनवर्ड एपीआयने (पॉडला स्वतःबद्दलची माहिती देणारी सोय) नोडचं नाव एन्व्हमध्ये द्या आणि ॲपला त्या नावाची फाइल उघडायला सांगा. ‘सबपाथएक्स्प्र’नेही हे जमतं, पण मग पत्ता बदलल्यावर फाइल बदलणार नाही. नोड बदलला, नाव बदललं की की-सुद्धा बदला. नव्या मशीनला जुन्याच होस्टनेमने जोडलं तर तेही करावं लागत नाही.

बदल सगळीकडे पोचला हे कसं तपासायचं?

क्लस्टरमध्ये काय आहे ते ‘कुबेक्टल गेट’ सांगतं. ॲपने काय वाचलं ते ॲपच सांगू शकतं. सुरू होताना आणि प्रत्येक पुनर्वाचनानंतर कॉन्फिगच्या हॅशची पहिली आठ अक्षरं लॉगमध्ये छापा, सिक्रेट वगळून. तोच हॅश मेट्रिकचं लेबल म्हणून दिला तर ग्राफवर दोन रंग दिसले की काही पॉड मागे राहिलेत हे कळतं. कंटेनरमध्ये शिरून ‘एन्व्ह’ चालवण्यावर पूर्ण विसंबू नका: ती नवी प्रोसेस असते, सुरुवातीच्या स्क्रिप्टने ‘एक्स्पोर्ट’ केलेलं तिला दिसत नाही. त्यासाठी मुख्य प्रोसेसचं, म्हणजे बहुधा पीआयडी १ चं, ‘प्रॉक’मधलं ‘एन्व्हिरॉन’ वाचा.